म्हातारीला एकच वाक्य

"मला बाकी काही नको. 'परत दे' एवढंच शिकवा," काशीराम बाकावर वही आपटत म्हणाला.

मुलुंडच्या त्या हिब्रूच्या क्लासात इस्रायलला म्हाताऱ्यांची सेवा करायला निघालेल्या वीस पोरी, आणि त्यांच्यात अठ्ठावन्न वर्षांचा हा एकटा बाप्या. पोरी फिदीफिदी हसल्या. विनिता टीचर हसली नाही. ती स्वतः नऊ वर्षं तिकडे राबून आली होती.

काशीरामची बायको प्रेमा सहा वर्षांपूर्वी तशीच गेली होती, एका म्हातारीला सांभाळायला. तीन वर्षांत येते म्हणाली होती. आता पोरीचं, निधीचं, लग्न तोंडावर आलं तरी तिचं एकच पालुपद: "बाई सोडत नाहीत हो." दर रविवारी फोन यायचा. म्हातारीला कॅमेरा चालत नाही म्हणून नुसता आवाज. मागे कुकरच्या शिट्ट्या. म्हातारीला आपला डाळभात आवडायला लागलाय म्हणे! पण प्रेमाचा सगळा जीव इथेच. "उद्या पाणी नाही ना तुमच्याकडे? भरून ठेवा हां," असं तिथे बसून सांगायची. ते ऐकलं की काशीरामला भडभडून यायचं, आणि मग म्हातारीचा गळा धरावासा वाटायचा.

"मीच बोलतो तुझ्या बाईशी," तो म्हणायचा.

"नको हो! त्यांना हिब्रूशिवाय काही कळत नाही."

म्हणून हा क्लास.

विनिताने फळ्यावर लिहिलं. तख्झीरी, म्हणजे बाईला सांगायचं, परत दे. हेख्झर्ती, म्हणजे मी परत केलं. "चावी, छत्री, उसनं नेलेलं भांडं, सगळ्याला चालतं."

"माणसाला?"

"चालतं काका. कुणी धरून ठेवला असेल तर."

"धरूनच ठेवलंय त्या भवानीने!"

मग पोरींबरोबर तो आकडे शिकला, दिवस-महिने-वर्षं शिकला, होदू म्हणजे आपला देश हेही शिकला. महिनाभर दाढी करताना, भाजी निवडताना ते क्रियापद घोकत राहिला.

लग्नपत्रिका छापून आल्या त्या दुपारी त्याने प्रेमाच्या जुन्या वहीतून म्हातारीच्या घरचा नंबर काढला.

"बाबा, आधी आईला विचारा ना," निधी म्हणाली.

"सहा वर्षं विचारतोय! आता जिने अडवलंय तिलाच विचारतो."

पलीकडे थरथरता बायकी आवाज आला. मी प्रेमाचा नवरा, एवढं त्याने पाठ केलेलं सांगितलं. मग आवाज चढला.

"तख्झीरी ली एत इश्ती!" माझी बायको परत दे.

म्हातारी परक्या माणसाला कळावं म्हणून सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली. त्यातला एकही शब्द काशीरामला अडला नाही.

"हेख्झर्ती. ले-होदू. लिफने श्नातायिम."

परत केली. होदूला. दोन वर्षांपूर्वीच.