पलीकडची पट्टी

पलीकडच्या काठावरची पाणी मोजायची पट्टी कोरड्या चिखलात उभी होती. पाणी तिच्यापासून वीस पावलं लांब. मोजणीदाराने होडी ओढून घेतली आणि पट्टीवर हात फिरवला. अगदी तळाच्या चाळीसच्या खुणेपर्यंत हाताला धूळ लागली.

आजच सकाळी पलीकड्याने, म्हणजे या काठावरच्या मोजणीदाराने, फोनवर सांगितलं होतं, बेचाळीस फूट. मोजणीदाराने डोळे झाकून सही ठोकली होती.

तलाव दोन राज्यांचा. पाणी चाळीस फुटांखाली गेलं की दोघांनीही कालवे बंद करायचे, म्हणजे काठावरच्या गावांना प्यायला उरेल, असा करार. कोणाचाच कोणावर विश्वास नाही, म्हणून याने त्याची पट्टी वाचायची आणि त्याने याची. अठरा वर्षं दोघं रोज वल्ही मारत मधोमध भेटले. अलीकड्या आणि पलीकड्या ही नावं तिथलीच. मग गुडघे कुरकुरायला लागले. गेली चार वर्षं प्रत्येकाने आपलीच पट्टी बघायची आणि फोनवर आकडा कळवायचा. करारात हे बसत नव्हतं, मैत्रीत बसत होतं.

आज तो पलीकड्याच्या गुडघ्यांसाठी तेल घेऊन आला होता. बाटली खिशातच राहिली. होड्या गाळात रुतताहेत असं काठावरच्या बायका महिनाभर सांगत होत्या, आणि त्याने त्यांनाच वेड्यात काढलं होतं. दोन्हीकडे बेचाळीस, मग पाणी जाईल कुठे? भरवशाच्या माणसानेच केसाने गळा कापला होता. त्याला रडू यायचंच बाकी होतं.

"किती दिवस फसवतोयस मला?" पलीकड्या दारात येताच त्याने विचारलं.

पलीकड्या गोंधळला. "वर्षभर माझ्याकडे तुझ्यापेक्षा तीन फूट कमीच दिसायचं रे, आता तर पट्टी कोरडीच पडली. वाटलं, माझीच पट्टी सरकली असेल. म्हणून तू सांगशील तोच आकडा मी सांगत गेलो. तू कशाला खोटं बोलशील?"

मोजणीदार पायरीवर बसला.

त्याची पट्टी उभ्या दगडी भिंतीला होती. तिथे पाणी किती उतरलं ते नुसतं बघून कळत नसे. गेल्या वर्षी ती बदलायला त्याचा धाकटा भाऊ स्वतः आला होता. पोटाला चिमटा काढून शिकवलेला, आता कालव्यावर इंजिनिअर झालेला भाऊ. जुनी भोकं सोडून त्याने दोन हात खाली नवी पाडली. आकडा एकदम तीन फुटांनी चढला तेव्हा मोजणीदाराने विचारलंही होतं. जुनी पट्टीच चुकीची होती, भाऊ म्हणाला. दुसऱ्या दिवशी पलीकडूनही तोच आकडा आला, तेव्हा उरलीसुरली शंकाही फिटली.

"वरचा दगड ठिसूळ झालाय, दादा," खिळे ठोकताना भाऊ म्हणाला होता. "तू फक्त शिडी घट्ट धर."

आणि त्याने ती दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.