विहिरीतला सूर

गाणं ऐकता ऐकता विरूपाक्ष तीस वर्षांपूर्वीच्या कोरड्या विहिरीत जाऊन बसला. कानाला हेडफोन, डोळे मिटलेले. वर आभाळाचं निळं ताट. पाठीला गार दगड. समोर शेषेराव, आणि त्याच्यापुढे उपड्या घातलेल्या पाच-सहा घागरी.

तेव्हा लातूरचा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. जिकडेतिकडे नव्या पाट्या होत्या, पाणी मात्र कुठंच नव्हतं. कुणीतरी मुंबईहून आणलेली पंक रॉकची कॅसेट या दोघांनी ऐकली. तीन सूर आणि पोटातून ओरडणं एवढ्यावर भागतं हे कळल्यावर त्यांनी लगोलग बँड काढला. विरूपाक्षची गिटार आणि गळा, शेषेरावचा ताल. घरात कुणी वाजवू देईना, म्हणून औशाच्या रस्त्यावरची आटलेली विहीर धरली. तिथं आवाज असा घुमायचा, की दोघांचे वीस जण व्हायचे.

ड्रम कुठले असायला? वर टँकरची वाट बघत बसलेल्या बायकांच्या घागरी शेषेराव गोडीगुलाबीनं मागून आणायचा. टँकर आला की पाणी याच विहिरीत सोडायचे आणि बायका ते शेंदून घ्यायच्या. त्यामुळे टँकर दिसला की घागरी परत, आणि बँड पायऱ्या चढून वर.

'नवा जिल्हा, नवी पाटी, कोरडी घागर, कोरडी माती.' हे त्यांचं शेवटचं गाणं. विहिरीत वीज नव्हती, म्हणून ते सेलवर चालणाऱ्या टेपवर भरून घेतलं. संध्याकाळी विरूपाक्षनं घरी विजेवर कॅसेट लावली, तर ताल नुसता पळत सुटलेला. पण त्याचा स्वतःचा आवाज! तो कडव्यागणिक चढत गेला होता. शेवटचा सूर इतका उंच, की आपणच गायलोय यावर त्याचा विश्वास बसेना.

"तुला ताल सांभाळता येत न्हाई, शेषा," तो म्हणाला होता. "माझा सूर तेवढा वाचला बघ."

शेषेरावनं टेप उचलला. तो जागेवर ठेवायला तेवढा आत गेला आणि तसाच घरी निघून गेला. त्यानंतर त्यानं कधी काठ्या हातात धरल्या नाहीत. आता मुरुडला त्याचं भांड्यांचं दुकान आहे. घागर पक्की आहे का हे वाजवून बघायचं, तर तेही तो गिऱ्हाइकालाच करायला लावतो, असं लोक हसून सांगतात.

विरूपाक्षनं लातुरात गाण्याचे क्लास काढले. तो सूर त्याला पुन्हा लागला नाही. पण एकदा लागला होता, या एका गोष्टीवर त्याचं आयुष्य निभावलं. दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना तो कॅसेट ऐकवायचा, सूर संपला की लगेच बंद करायचा आणि चेहरे बघत बसायचा. आता पुन्हा दुष्काळ होता, शहराला रेल्वेनं पाणी येत होतं. पुण्याच्या दोघांनी जुन्या बँडांची गाणी जमवून रेकॉर्ड काढायची ठरवली होती. त्यांना आज हे गाणं पाठवायचं होतं.

सूर लागला, संपला. दुपारच्या गुंगीत बंद करायचं राहून गेलं. आणि कानात एक लहान मुलगी बोलली.

"वर या रे मुडद्यांनो, टँकर आला! शेषा, या गुणाबाईची घागर चेपली तर बघ!"

विरूपाक्षला हसू फुटलं. घागरी देणाऱ्या बायकांतली गुणाबाई तेव्हा पन्नाशीची होती. तिच्या घोगऱ्या आवाजाला टँकरवालासुद्धा दबकून असायचा. तीच बाई इथं परकर घालून नाचणाऱ्या पोरीसारखी चिवचिवत होती.

मग त्याचं हसू थांबलं. सेल उतरत गेले होते. विहिरीत टेप हळू हळू फिरत गेला, म्हणून विजेवर लावल्यावर सगळंच पळालं आणि सगळंच चढलं. शेषाचा ताल, गुणाबाई, आणि तो सूरही.

कॉम्प्युटरवर तो गाण्याचा वेग थोडा थोडा उतरवत गेला. गुणाबाई वयात आली, बाईमाणूस झाली, अखेर पन्नाशीला पोचली. तिथं त्यानं हात थांबवला, मागची कडवीही जेवढी चढली होती तेवढीच उतरवली आणि गाणं पहिल्यापासून लावलं. शेषेरावचा ताल सुरुवातीपासून शेवटपर्यंत जागचा हलला नव्हता. आणि त्याचा स्वतःचा आवाज चारचौघांसारखा होता, शेवटी तर जरा घसरलेलाच.

त्याला रडू आलं. त्यातलं शेषासाठी किती आणि स्वतःसाठी किती, हे त्यानं तपासलं नाही. खरं गाणं त्यानं पुण्याला पाठवून दिलं. त्याला हलकं वाटलं, थोडंसं थोरही वाटलं. मग त्यानं मुरुडला फोन लावला.

"शेषा, विरूपाक्ष बोलतोय. तू पळत नव्हतास रे. टेपचे सेल उतरले होते."

दुकानात कुणीतरी घागर वाजवून बघत होतं. तो आवाज थांबला.

"हाव," शेषेराव म्हणाला. "ठावं हाय मला. टेप ठिवताना म्याच काढले ते सेल. घरी जाऊन बॅटरीत घातले, तर उजेडच पडंना."

विरूपाक्षनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "मग तवाच कामून बोलला न्हाईस?"

"कसं बोलू? त्या सुरावर लई खूश हुतास रे तू."