आर्माँचं घड्याळ

नवरा आर्माँ गेल्यापासून त्याचं सोन्याचं घड्याळ ह्युगेट रोज स्वतःच्या हातात घालते. बागेतले बटाटे काढतानाही घालते आणि चीजच्या फोंड्यूचं करपलेलं भांडं घासतानाही. वर्षभरात त्यावर ओरखड्यांची नुसती जाळी झाली.

रविवारी ला शो-द-फाँ शहरातून मुलगा जेवायला आला, तो घड्याळ बघून कळवळलाच. "आई, काढ बघू ते. घड्याळांच्या कारखान्यातून पॉलिश करून आणतो, मग कपाटात ठेवून दे. बाबांनी कसं जिवापाड जपलं होतं, आणि तू..."

"जपलं होतं खरं," मुलाच्या हातातून आपलं मनगट सोडवून घेत ह्युगेट म्हणाली.



"माझ्या लग्नाच्या अंगठीचा घड्याळावर चरा पडेल म्हणून तुझ्या बापाने रस्त्यात मला कधी हात धरू दिला नाही."