सातशेवीस मांडण्या

रविवार, दिनांक १२ ऑक्टोबर २०२५, दुपारी बरोबर चार वाजता तंत्रनिकेतनातील जुन्या मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर सहा विस्कटलेली अक्षरे आली: घा, का, णी, उ, न, ड. ती जुळवून तयार होणारा शब्द परीक्षकांना तासाभरात खासगीत कळवायचा होता. मागचे दोन रविवार नाफड्यांच्या वाट्याला शून्यच आले होते. आजही तसेच झाले, तर नियमाप्रमाणे त्यांची रवानगी प्रेक्षकांत होणार होती.

"नाफड्या, आज तरी भोपळा फोड!" परीक्षक दुर्ग्यांनी गटावरच चिमटा काढला.

नाफड्यांनी आखीव वही उघडली. सहा अक्षरांच्या सातशेवीस मांडण्या होतात. त्या वर्णक्रमाने लिहून एकेक तपासायची, हा त्यांचा शिरस्ता.

"अहो, कानउघाडणी!" मेथी निवडता निवडता निर्मलाबाई म्हणाल्या.

"अंदाजाने पूल उभे राहत नसतात," असे बजावून नाफड्यांनी पहिली मांडणी लिहिली.

चार वाजून चौपन्न मिनिटांनी, दोनशे सतराव्या ओळीवर, तोच शब्द अवतरला. नाफड्यांचा चेहरा उजळला.

"आता तरी पाठवा. सहा मिनिटं उरलीत."

"पाठवतो गं. पण आणखी एखादा शब्द जुळत असला तर? आधी खात्री करून घेऊ दे." त्यांनी पेन्सिलीला टोक काढले आणि दोनशे अठरावी मांडणी लिहायला घेतली.

पाच वाजता दुर्ग्यांनी निकाल जाहीर केला. बारा स्पर्धकांपैकी अकरा जणांना प्रत्येकी एक गुण. नाफडे: शून्य.