चोरवाट

जेवता जेवता उर्मिला स्वतःशीच हसली आणि तिच्या नवऱ्याने, श्रीरंगने, हातातला घास ताटात ठेवला. ती पुन्हा बोगद्यात होती. मनातलं बोलणं थेट दुसऱ्याच्या मनात नेणारा हा बोगदा फुकट होता, त्याचा कोड जगाला खुला होता. आतलं बोलणं मात्र तिसऱ्याला ऐकू येत नसे.

तिचं बोलणं चोरून ऐकता यावं म्हणून श्रीरंगने त्या कोडात 'किरकोळ दुरुस्ती' म्हणून एक चोरवाट घुसवून पाठवली. खुल्या कोडातली दुरुस्ती आधी इतर लोक वाचतात, हे जळफळाटात तो विसरला.

दुसऱ्या दिवशी उर्मिला म्हणाली, "तुझ्या नावाने आलेली चोरवाट आम्ही नामंजूर केली."

"आम्ही?"

"मी आणि सलील. बोगद्याची सुरक्षा आम्हीच तपासतो. आजवर तो कामाचंच बोलायचा, विनोदही त्यातलेच. आज पहिल्यांदा त्याने विचारलं, 'घरी बरी आहेस ना?'"