राजाचं पान

राजा केनमुंड वारला आणि मठातले फादर टिल्बर्ट वासराच्या कमावलेल्या कातड्यावर त्याच्या कारकिर्दीचं पान लिहायला बसले. म्हातारी वुल्फ्रुन समोर येऊन उभी राहिली.

"नदीवरच्या लढाईचं काय लिहिलंत?"

"महाराजांनी शत्रूला धूळ चारली."

"माझे तिन्ही पोरगे तिथंच पडले. त्यांची नावं?"

"अगं, वासराचं कातडं ते केवढंसं. महाराजांच्या घोड्याचं नाव कसंबसं बसवलंय. तुझ्या पोरांना जागा कुठून आणू?"

कातड्यात एक बारीक भोक होतं. फादरनी ते टाळून ओळ लिहिली होती. वुल्फ्रुननं नेमकं त्यावर बोट ठेवलं.

"या वासराला इथंच काटा लागला होता. माझा धाकटा रोज मध लावायचा. माझ्या गोठ्यातून ओढून नेलंत त्याला, आणि मलाच सांगता जागा नाही म्हणून?"