केळीचा डाग

ललितदादाने घेतलेली एसयूव्ही रेसच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीची आहे. चार सेकंदांत शंभरचा वेग गाठते आणि डोंगरही चढते, असं तो सांगतो. आबांना तिच्यातून एकदा आपल्या केळीच्या बागेत जायचं होतं.

दादा म्हणाला, "आबा, आतलं लेदर पांढरं आहे. तुमच्या कपड्यांवरचा केळीचा चीक लागला, तर डाग जन्मात निघणार नाही."

आज तापीकाठी आबांचा दहावा होता. तासभर पिंडाला कावळा शिवेना.

"ललित भो, आबांची काय इच्छा राह्यली रे?" नथ्थूकाकांनी विचारलं.

तेवढ्यात कावळा आला आणि पिंड सोडून थेट दादाच्या गाडीवर बसला.



"हाकला रे त्याला!" दादा ओरडला. "डाग पडेल!"